वाऱ्याला न बधणारी गोळी

११ फेब्रुवारी २००५, शुक्रवार. शुगर लँड

रँडीला मिळालं. एक्स्प्लोरेशन मॅनेजरचं पद. दोन वर्षांपूर्वी ज्याला सीस्मिक डेटा कसा वाचायचा हे मी शेजारी बसवून शिकवलं, त्या रँडीला. चौदा वर्षं मी या कंपनीसाठी जमिनीखालचं तेल शोधते आहे. माझ्या शब्दावर खणलेल्या नऊ विहिरींपैकी सात लागल्या. रँडीची एक लागली, तीही माझ्याच नकाशावरची.

डेलच्या केबिनमध्ये गेले. डेल आमचा व्हाइस प्रेसिडेंट. सरळ विचारलं, कधी ठरलं हे? तो म्हणाला, "ऑफिशियली सोमवारी." मग जरा लाजल्यासारखं हसला. "खरं सांगू? जानेवारीत. डिअर लीजवर, शेकोटीपाशी."

हरणांच्या शिकारीसाठी त्यांनी एक रान भाड्याने घेतलंय. दहाबारा पुरुष दर वर्षी तिथे जातात. मला कधी कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. आज मात्र तोंडातून निघून गेलं, "मग मलाही बोलव."

डेल थांबला. "जूनमध्ये आम्ही उत्तरेला पॅनहँडलच्या माळावर जातोय, क्लायंटला घेऊन. प्रेरी डॉग्ज मारायला. पण वासू, तिथे बसून बघायचं नसतं हां."

"बघायला येतच नाहीये मी."

घरी येईपर्यंत गाडीत स्वतःशीच हसत होते. चंद्रपूरची वसुधा खानझोडे बंदूक चालवणार!

१३ फेब्रुवारी, रविवार

मोहनला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "प्रेरी डॉग म्हणजे खारीसारखं ते? बिळातून उभं राहून बघतं ते?"

"तेच. गुरांचं गवत खातात. बिळांत अडकून घोड्यांचे पाय मोडतात."

"आपल्याकडे घोडा आहे का, वसू?"

अबोली न्याहारी करत होती. ती एवढंच म्हणाली, "मॉम, दॅट्स ग्रोस," आणि उठून गेली. पंधराव्या वर्षी सगळंच ग्रोस असतं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

रोझेनबर्गला एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेले. मालकाचं नाव लॉइड. सत्तरीचा आहे, कानात यंत्र. मी म्हटलं, लांब पल्ल्याची रायफल हवी.

"रायफल नंतर. आधी काडतूस ठरवा, मॅडम. काय मारायचंय आणि किती लांबून?"

"प्रेरी डॉग. लोक किती लांबून मारतात?"

"लोक की तुम्ही?"

त्याने काचेवर चार काडतुसं उभी केली, शाळेच्या रांगेत मुली उंचीप्रमाणे उभ्या करतात तशी. टू-ट्वेंटी-थ्री: स्वस्त, खांद्याला धक्का नाही, तीनशे यार्डांपर्यंत काम करतं. टू-ओ-फोर: गेल्याच वर्षी बाजारात आलेलं, गोळी हलकी, वेग सेकंदाला चार हजार फुटांवर. ट्वेंटी-टू-टू-फिफ्टी: जुनं, खात्रीचं, पण बंदुकीची नळी फार लवकर तापते. शेवटचं, सगळ्यांत उंच, टू-फॉर्टी-थ्री. "हे हरणालाही पुरतं," लॉइड म्हणाला. "दोन पौंडांच्या जनावराला जरा जास्तच."

मी चारही हातात घेऊन पाहिली. पितळ गार होतं. चौथं खाली ठेवायला मला उगाच वेळ लागला.

६ मार्च, रविवार

तक्ता केला. आडव्या ओळी शंभर ते पाचशे यार्डांच्या, उभे रकाने काडतुसांचे. गोळी किती खाली पडते हे गणित सोपं आहे, गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं. खरा प्रश्न वाऱ्याचा. ताशी दहा मैलांचा वारा आडवा असेल, तर चारशे यार्डांवर टू-ट्वेंटी-थ्रीची गोळी दोन फूट बाजूला जाते. टू-फॉर्टी-थ्रीची जड गोळी सव्वा फुटाच्या आत राहते. पॅनहँडलमध्ये वारा पडत नाही म्हणतात.

कितीतरी महिन्यांनी एखाद्या कामात असा जीव लागला. मोहन दोनदा जेवायला हाक मारून गेला.

१९ मार्च, शनिवार

नेमबाजीच्या रेंजवर लॉइडची टू-ट्वेंटी-थ्री चालवली. पहिल्या गोळीला डोळे मिटले. दहाव्या गोळीला श्वास अर्धा सोडून थांबायला जमलं. चाप ओढल्याचं कळतच नाही, तो आपोआप सुटतो. मग दीड सेकंद शांतता, आणि लांबवर पोलादी पत्रा टणकन वाजतो. शाळेत निकालाच्या दिवशी माझं नाव पुकारलं जायचं, अगदी तसं.

सोमवारी ऑफिसमध्ये डेल माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. "ऐकलं की तू सीरियस आहेस." रँडी मागे उभा राहून ऐकत होता.

(हे सोमवारचं आज लिहितेय, २३ तारखेला. विसरू नये म्हणून.)

३ एप्रिल, रविवार

मोहन मुद्दाम मला त्याच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. तो रेडिओलॉजिस्ट आहे. लाइटबॉक्सवर एक एक्सरे लावला. नाव झाकलेलं होतं. चाळिशीचा माणूस, पोट. काळ्या फिल्मवर पांढरे ठिपके सगळीकडे, बर्फ भुरभुरल्यासारखे.

"किती गोळ्या लागल्या असतील?"

"वीस? छर्रे असतील."

"एक. हलकी, पातळ कवचाची, वेगवान. आत गेली आणि फुटली. सर्जनने चार तास वेचलं, वसू. आतडं हातात येत नव्हतं, लगदा झाला होता." मग त्याने दुसरा लावला. मांडी, आणि त्यात एकच अखंड पांढरा दाणा. "हा महिन्याने चालत घरी गेला."

मी घाबरेन असं त्याला वाटलं असावं. मला उलट उत्तर मिळालं. फुटणारी गोळी घ्यायचीच नाही. फोडायचं कशाला कोणाला? एकसंध, जड, सरळ जाणारी. वाऱ्यातही तीच चांगली.

त्याला तसं सांगितलं. "मी तुला कोणती गोळी घ्यायची ते सांगत नव्हतो," म्हणाला. मोहनचं असंच आहे.

९ एप्रिल, शनिवार

टू-फॉर्टी-थ्रीची रायफल घेतली. जाड नळी, वर मोठी दुर्बीण. गोळ्या पंच्याण्णव ग्रेन वजनाच्या, हरणासाठीच्या.

लॉइडने डबा काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरच. "ह्या फुटत नाहीत, मॅडम. तिथली जमीन टेबलासारखी सपाट आणि विटेसारखी कडक. हलकी गोळी मातीला लागली की तिथेच चुरा होतो. ही टप्पा खाईल आणि पुढे चालत राहील. कुठे, ते तुमच्या हातात नाही."

त्याने त्याच काडतुसातली हलकी गोळी दाखवली, अठ्ठावन्न ग्रेनची, फुटणारी.

"वाऱ्यात?"

"वाऱ्यात जास्त हलेल."

"मग नको."

त्याने खांदे उडवले आणि डबा पिशवीत घातला. माझ्या तक्त्यात टप्प्याचा रकाना नाही. त्याचा आकडा कोणाकडेच नसतो, मग मांडायचा कुठे?

२१ मे, शनिवार

चारशे यार्ड. पाच गोळ्या, सगळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. डेल आणि रँडीही आले होते. रँडीच्या पाच गोळ्या झाकायला जेवणाचं ताट लागलं असतं. डेलने माझ्या पाठीवर थाप मारली. "वासू, यू आर अ किलर."

रात्री अबोलीच्या शाळेचा कार्यक्रम होता म्हणे. मोहन एकटा गेला होता.

१० जून, शुक्रवार. पॅनहँडल

कंपनीच्या छोट्या विमानाने आलो. डेल, रँडी, क्लायंट टेरी आणि मी. रँच जोलीन नावाच्या विधवा बाईंची. उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. गाडीतून उतरताच त्यांनी एकच गोष्ट बजावली: "उत्तरेला पवनचक्की दिसतेय ना? तिथे एलीसेओ दोन दिवस पंप दुरुस्त करतोय. उत्तरेकडे बंदुकीची नळी वळवायची नाही. बाकी सगळं तुमचं."

एलीसेओ त्यांचा गडी. पन्नाशीचा, डोक्यावर गवती हॅट. त्याने आमच्या बंदुकांच्या पेट्या उतरवल्या. माझी पेटी त्याने दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली आणि "सेन्योरा" म्हणून मान लववली.

दुपारी सुरुवात, बाहेर मांडलेल्या टेबलावर बंदुका टेकवून. माळावर नजर पोचेल तिथवर मातीची उंचवट्यासारखी बिळं, आणि प्रत्येकावर एक प्राणी हात जोडल्यासारखा उभा. टेरीची टू-ओ-फोर पहिल्यांदा वाजली. प्राणी पडला नाही, नाहीसाच झाला. हवेत गुलाबी फवारा, आणि बाजूला उडालेला मागचा पाय. तिघंही ओरडले. रँडीच्या गोळीने एक प्राणी सहा फूट वर उडाला, त्याचं कातडं शेजारच्या बिळावर टॉवेलसारखं पडलं. त्यावर ते इतके हसले की टेरीला खोकला लागला.

माझा पहिला तीनशे दहा यार्डांवर. उडाला नाही. जागच्या जागी बसला, मग पुढच्या दोन पायांनी सरपटत बिळाकडे निघाला, मागे आतडं दोरीसारखं ओढत. मी पुन्हा चाप ओढला. चुकली. तिसरीला थांबला. थोड्या वेळाने बिळातून दोन पिल्लं बाहेर आली आणि त्याला हुंगू लागली. त्यातलं एक त्याला खाऊ लागलं. मी ती दोन्ही मारली.

हे असं लिहिताना हात थांबायला हवा होता. थांबला नाही. संध्याकाळपर्यंत चौघांचे मिळून एकसष्ट झाले. चारशेच्या पुढचे सगळे माझेच. डेलने टेरीला सांगितलं, "आमच्या कंपनीत सगळ्यात लांबचं हिला दिसतं. जमिनीखालचंसुद्धा." टेरीने माझ्याशी हात मिळवला, आणि जेवताना त्यांच्या तेलाच्या नव्या ब्लॉकबद्दल सगळे प्रश्न मला विचारले, रँडीला नाही. एकसष्ट जिवांना एवढं आलं.

१२ जून, रविवार, सकाळ

काल काय झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी दक्षिणेकडची बिळं ओस पडली. जे उरले होते ते तोंड बाहेर काढत नव्हते. डेल म्हणाला, उत्तरेकडे भरपूर आहेत, टेबल फिरवू. मी जोलीनबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली. "पवनचक्की पाऊण मैल लांब आहे, वासू. आपण काय पवनचक्की मारतोय?" टेरी हसला. मग मीही हसले.

दुर्बिणीतून मी पाहिलं होतं. हे लिहिलंच पाहिजे. पवनचक्कीच्या बुंध्याशी पांढरा पिकअप दिसला, आणि टाकीवर वाकलेली हॅट. "तिकडे माणूस आहे," मी म्हणाले. डेल म्हणाला, "आहेच की." सगळ्यांनी मारायला सुरुवात केली. मीही.

पावणेचारच्या सुमारास चारशे सत्तर यार्डांवर एक मोठा नर उभा होता. त्या दिवशी इतक्या लांबचा कोणी मारला नव्हता. वारा डावीकडून, बारा मैल. मी हिशेब केला, श्वास सोडला, चाप ओढला. त्याच्या पायांपुढे धूळ उडाली. मग एक आवाज आला, भुंगा कानाजवळून जावा तसा, लांब लांब जाणारा. प्राणी बिळात गेला. रँडी म्हणाला, "जस्ट लो," म्हणजे जराशी खाली गेली. मी पुढचं काडतूस भरलं.

वीस मिनिटांनी जोलीनबाईंची जीप धुरळा उडवत आली. त्या आमच्यापाशी थांबल्याच नाहीत, मागे या एवढंच ओरडल्या. एलीसेओ त्यांना वॉकीटॉकीवर फक्त "पिएर्ना, पिएर्ना" म्हणाला होता. पाय.

पवनचक्कीपाशी तो टाकीला टेकून बसला होता. उजव्या मांडीच्या वरच्या बाजूला, जांघेजवळ, बोट जाईल एवढं भोक. त्यातून रक्त ठोक्याठोक्याने येत होतं. जमीन ते पीत नव्हती, इतकी कडक. रक्ताचं थारोळं त्याच्या बुटांपर्यंत पसरत आलं होतं. रँडी बाजूला जाऊन ओकला. डेल फोनला रेंज शोधत फिरत होता. जोलीनबाई मला म्हणाल्या, "दाब! जोरात!" मी बोट त्या भोकात खुपसलं आणि वरून मूठ दाबून धरली. आत गरम होतं, आणि माझ्या बोटाला त्याची नाडी लागत होती. तो किंचाळला, त्याने माझे केस धरले आणि सोडले नाहीत. हेलिकॉप्टर येईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही तसेच होतो, त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर. तो मध्येमध्ये एका बाईचं नाव घेत होता.

अमरिलोच्या हॉस्पिटलबाहेर डेलने मला जवळ घेतलं. खरंच, मिठी मारली. "चार बंदुका होत्या. कोणाची ते कोणालाच माहीत नाही. आपण सगळे एकच सांगायचं. तू आज डोकं शांत ठेवलंस, वासू. रँडीचं पाहिलंस ना? मॅनेजर कोण हवा ते मला आज कळलं. सोमवारी बोलू." मग म्हणाला, तू दमली आहेस, तपास करणाऱ्या शेरीफच्या डेप्युटीला तू नंतर भेट, मी तिला सांगतो. तुझी रायफलही मी सांभाळतो. माणूस वाईट नाही तो.

अंगावरचं रक्त धुतलं. नखांत अजून आहे.

१२ जून, दुपार

मोहनला फोन केला. सगळं सांगितलं, फक्त चार बंदुका होत्या यावर जास्त बोलले. त्याने शांतपणे विचारलं, "गोळी काढली का?"

"कंबरेच्या हाडात अडकली आहे. एक्सरे मी पाहिला. जोलीनबाईंबरोबर आत गेले होते."

"कशी दिसली?"

"एक दाणा."

"बाकीच्या तिघांच्या गोळ्या कोणत्या होत्या?"

"हलक्या. फुटणाऱ्या."

"त्या मातीला लागल्या असत्या तर तिथेच संपल्या असत्या ना?"

"हो."

"मग कोणाची ते मला का विचारतेयस, वसू?"

मी फोन कानाला धरून पार्किंगमध्ये खाली बसले. डांबर भाजत होतं. तिकडून अबोलीने फोन घेतला. ती मराठीत बोलली, किती दिवसांनी. "आई, तू ठीक आहेस ना?" मी हो म्हणाले. मला काहीच झालेलं नाही, हेच तर टोचतंय.

१३ जून, सोमवार

सकाळी डेप्युटीच्या ऑफिसात गेले. तिचं नाव हॅरिस, वय पस्तिशीचं. बसायच्या आतच सांगितलं, "गोळी माझी आहे. सहा मिलिमीटर, पंच्याण्णव ग्रेन. बाकी तिघांच्या नळीत ती बसणारच नाही. मोजून बघा." उरलेल्या काडतुसांचा डबा टेबलावर ठेवला. शिवाय जे पाहिलं होतं तेही सांगितलं: हॅट, पिकअप, हसणं.

तिने सगळं लिहून घेतलं. मग एक फोल्डर उघडून माझ्याकडे फिरवलं. तीन जबाब. शनिवारी संध्याकाळचे, सही-तारखेसकट. म्हणजे डेल मला मिठी मारून आत गेला आणि तेव्हाच त्यांनी ते दिले. तिघांचंही एकच म्हणणं: टेबल उत्तरेला वळवायचा आग्रह माझा. जड काडतूस माझं. त्यांनी नको म्हटलं होतं. माझी रायफलही डेलने त्याच वेळी तिच्या ताब्यात दिली होती.

"तुम्ही आला नसतात तर मी दुपारी येणारच होते," हॅरिस म्हणाली. "पण तुम्ही दुसऱ्याचं नाव सांगाल असं मला वाटलं होतं."

"टेबल डेलने फिरवलं."

"असेल. गोळी कोणी मारली?"

"मी."

तिने पुन्हा पेन उचललं.

जोलीनबाईंनी मला विमानतळावर सोडलं. वाटेत एकदाच बोलल्या, "मी उत्तर म्हणाले होते. उत्तर म्हणजे कोणती बाजू हे चौघांनाही कळत होतं."

२४ जून, शुक्रवार

ऑफिसचं कार्ड चालेना. सिक्युरिटीवाल्याने माझ्या वस्तूंचं खोकं खाली आणून दिलं. डेलचा फोन नाही. केसचं काय होईल ते ऑगस्टमध्ये कळेल, वकील म्हणतो. एलीसेओचा पाय गुडघ्याच्या वरून कापला. रक्तवाहिनी जोडली होती, पण जंतुसंसर्ग झाला.

जोलीनबाईंनीच फोनवर सांगितलं. मी आभार मानले. आभार कशाचे?

२ जुलै, शनिवार. अमरिलो

मोहन गाडी चालवत आला, दहा तास. हॉस्पिटलच्या आत मात्र मी एकटी गेले. वकिलाने जाऊ नका म्हणून बजावलं होतं.

एलीसेओ खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. हॅट नव्हती, त्यामुळे केस किती पिकलेत ते दिसलं. शेजारी त्याची मुलगी मारिसोल, नर्सिंग शिकणारी. मी कोण ते तिला माहीत होतं. तिने खुर्ची दिली नाही. मी उभीच राहिले आणि पाठ करून आणलेलं सगळं बोलले. चूक माझी आहे, मी तुम्हाला पाहिलं होतं, तरी मारली. ती वाक्यावाक्याने स्पॅनिशमध्ये सांगत गेली. आवाज अगदी कोरडा.

मग त्याने काहीतरी विचारलं. मारिसोलने लगेच सांगितलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"ते विचारतायत, तुम्ही कशावर मारली होती?"

"एका प्रेरी डॉगवर."

"किती मोठा?"

मी हाताने दाखवलं. वीतभर, थोडा जास्त.

तो माझ्या हातांमधल्या जागेकडे बघत राहिला. मग थेट माझ्याकडे बघून, मोडक्या इंग्रजीत, त्याने स्वतःच विचारलं, "यू गेट हिम?"

"नो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. एखाद्या कामाची चौकशी करावी आणि उत्तर मिळावं, तशी. नंतर मुलीला हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलला. मारिसोलचा चेहरा बदलला. मी तिला विचारलं, काय म्हणाले?

"ते तुमच्यासाठी नाहीये," ती म्हणाली, आणि तिने खुर्ची खिडकीकडे वळवली.

मी बाहेर आले. मोहन गाडीत वाट बघत होता. शेजारी बसून मी त्याला एवढंच सांगितलं, "तो प्रेरी डॉग लागला का, ते विचारलं त्याने." आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.